निळीची पांढरी पिल्लं

मंगळवार, २१ डिसेंबर १९९३. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी चांगुणा रांजणे यांना पोलीस चौकीत आणलं. पुढे शिपाई होता आणि बाईंच्या कमरेवर वेताची टोपली. टोपलीत एक मांजर आणि चार पिल्लं होती.

वेळ मी तेव्हाच वहीत लिहिली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे.

मी जिल्ह्याच्या एका दैनिकाची वार्ताहर होते. गाव घाटावरचं, थंड हवेचं; नाव लिहीत नाही, कारण चूक गावाची नव्हती, दोघांची होती. रोज अकराला चौकीत जायचं, आदल्या दिवशीच्या नोंदी उतरवायच्या, बातम्यांचं पाकीट दीडच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं, एवढा माझा नेम. एसटी चुकली की त्या दिवशी आमच्या गावात काहीच घडलेलं नसे.

चौकीत धड खुर्ची एकच. तिच्यावर हेर्लेकर सर बसले होते आणि हवालदार सणस शेजारी उभे होते. सरांनी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. सणसांना शिकवलं, मला शिकवलं, गावातल्या दोन्ही डॉक्टरांना शिकवलं. आमच्या पेपरात दर रविवारी त्यांचं विज्ञानाचं सदर यायचं. रस्त्यात सर दिसले की माणसं सायकलवरून उतरायची.

"वासंती, बरं झालं आलीस," सर म्हणाले. "अचूक लिहिणारं कुणीतरी हवंच होतं."

ते ऐकून मला बरं वाटलं.

मांजर सरांची होती, सयामी जातीची, नाव नीलाक्षी. अंग सायीच्या रंगाचं आणि तोंड, कान, चारही पाय, शेपूट गडद काळपट, चुलीत तोंड घालून आल्यासारखं. डोळे निळे. ती टोपलीत पिल्लांभोवती वेटोळं करून बसली होती आणि अधूनमधून ओरडत होती. साध्या मांजरासारखं नाही. तान्हं बाळ भुकेनं रडतं तसं, लांब आणि खरखरीत. बाहेरून जाणारे दोघं-तिघं दारात थांबून आत डोकावले.

पिल्लं मात्र पांढरीशुभ्र होती. कान पांढरे, शेपटं पांढरी, पंजे गुलाबी. डोळे अजून उघडले नव्हते.

सरांनी सणसांच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि त्यावर चौकट आखली. दहावीत आखायचे तशीच.

"आई सयामी. मी तिला पुण्याला नेलं, तिथला बोका सयामी. दोन्हीकडून हाच रंग. मग पिल्लांत पांढरा कुठून येईल?"

"न्हाई येणार, सर," सणस म्हणाले.

"का नाही?"

सणस गप्प बसले. पंचवीस वर्षांपूर्वीही असेच बसत असतील.

"कारण पांढरा हा प्रबळ गुण आहे. तो लपून राहत नाही. आईबापांत नसेल तर पिल्लांत येत नाही. तेव्हा बाप दुसरा. आणि गावात पांढरा बोका कुणाकडे आहे?"

"हिच्याकडं," सणसांनी चांगुणाबाईंकडे बोट केलं. "चुन्या. बेकरीच्या पत्र्यावर असतोय."

सर माझ्याकडे वळले. "हिला चार महिन्यांपूर्वी बजावलं होतं की मागचं दार उघडं टाकू नकोस. हिनं टाकलं. पिल्लं झाली गुरुवारी, मी शुक्रवारी हिला कामावरून काढलं आणि पिल्लं कुठंतरी सोडून ये म्हटलं. काल संध्याकाळी मांजर गायब. आज हिच्या घरात सापडली. क्रम लक्षात घे."

मी क्रम लिहून घेतला.

चांगुणाबाई तोवर एकदाच बोलल्या. "सर, रंग यील त्यान्ला. म्या म्हनलं हुतं."

"आता हिच्या म्हणण्यानं रंग यायचा," सणस म्हणाले. शिपाई हसला. मीही किंचित हसले असेन. वहीत ते नाही, पण मला आठवतं.

सरांनी जबाब स्वतःच्या हातानं लिहिला. सुंदर अक्षर. त्यात शेवटी असं होतं: सदर चार पिल्ले माझ्या मांजरीच्या जातीची नसून त्यांवर माझा कोणताही हक्क नाही, त्यांचे काय करायचे ते सदर बाईने ठरवावे. मग त्यांनी नीलाक्षीला उचलून बाजाराच्या पिशवीत घातलं आणि ते निघाले. पिशवीतून येणारा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. टोपलीत पिल्लं तोंडं वर करून इकडेतिकडे हलवत राहिली.

"तुला सोडतोय," सणस बाईंना म्हणाले, "पर डायरीला नाव गेलंय. समजलं का?"

बाईंनी मान हलवली नाही. लुगड्याचा पदर पिल्लांवर घातला आणि टोपली उचलली.

माझी बातमी दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर, चौकटीत आली.

"सयामी मांजर चोरल्याप्रकरणी मोलकरीण ताब्यात. येथील निवृत्त शिक्षक श्री. हेर्लेकर यांच्या बंगल्यातून उंची सयामी मांजर चोरल्याच्या संशयावरून त्यांच्याकडे पूर्वी काम करणाऱ्या चांगुणा रांजणे (वय ४७) या महिलेस पोलिसांनी मंगळवारी ताब्यात घेऊन सोडून दिले. मांजर तिच्या घरात आढळून आले. अधिक तपास हवालदार सणस करीत आहेत."

प्रत्येक शब्द तपासलेला. 'संशयावरून' लिहिलं होतं. वय विचारून घेतलं होतं, सणसांना.

शुक्रवारी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या होत्या. हातात पेपरचं ते पान, चार घड्या घातलेलं. त्यांना वाचता येत नव्हतं. चौकट कुठं आहे ते कुणीतरी पेनानं गोल करून दाखवलं होतं.

"ह्ये तुमी लिवलं का?"

"हो. पोलिसांनी सांगितलं तेच लिहिलं."

"बेकरीवाल्या वैनीनं दार उघडलं न्हाई. खिडकीतनंच म्हनली, पेपरात आलंय, आता कसं ठेवू तुला. डागदरांकडंबी तसंच. तेरा वर्सं भांडी घासली त्यांची. चमचा हलला न्हाई."

"मी फक्त संशय म्हटलंय, चांगुणाबाई. चोर म्हटलं नाही."

त्यांनी पान उघडून माझ्यापुढं धरलं. "ह्यात माजं नाव कुटंय?"

मी बोट ठेवलं.

"आन् संशय कुटंय?"

मी तिथंही बोट ठेवलं. त्यांनी दोन्हीकडं नीट पाहिलं.

"म्या तितंच हुते की, ताई. तुमच्याम्होरं. चार हातांवर. तुमी इचारलं न्हाई."

मी वही आणायला वळले. "आता सांगा. मी लिहून घेते."

"आता काय सांगू. घरी चला, दावते."

त्यांचं घर बाजाराच्या खालच्या अंगाला, एक खोली, वर पत्रा. बाहेर दवाचं पाणी टपकत होतं, आत चूल पेटलेली. चुलीपासून दोन हातांवर खोकं, खोक्यात जुनं लुगडं आणि लुगड्याखाली सलाईनची रिकामी बाटली, गरम पाण्यानं भरलेली. चारांतली दोन पिल्लं उरली होती.

"एक बुधवारी गेलं, एक काल. आईबिगर कसं जगायचं."

त्यांनी शेळीचं दूध कोमट केलं, त्यात पाणी घातलं, स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि शाईच्या पेनात शाई भरायच्या ड्रॉपरनं एकेक थेंब पाजायला लागल्या. पिल्लू पालथंच धरलं होतं, पोटावर.

"उताणं पाजलं तर नाकात जातंय. पहिलं तसंच गेलं. मला ठावं नव्हतं." थोड्या वेळानं ओल्या कापसानं त्यांनी पिल्लाच्या शेपटीखाली हळूहळू पुसलं. "असं केल्याबिगर मुतत न्हाईत. आईची जीभ म्हनायची ही. दर दोन तासानं. कामं गेली त्ये बरंच झालं म्हना, येळ मिळतोय."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही.

"मांजर इथं कशी आली?"

"आली म्हंजे, चालत आली. तिची पोरं हितं. तीन दिसांत दोन येळा मला न्याहाळून गेली हुती खिडकीतनं. बंगल्याच्या मागल्या दाराची कडी ती पाडती. उडी मारून, पंजानं. कवाधरनं."

"सरांना माहीत आहे?"

"मागल्या दाराला सर कवा आलं? ते दार माजंच. सोमवारी दिवेलागणीला आली आन् खोक्यात जाऊन निजली. म्या म्हनलं सकाळी न्हेऊन द्यावी. सकाळी शिपाईच आला."

मी लिहीत होते. "आणि रंग येईल म्हणालात, ते कशावरून?"

त्यांनी पिल्लू खोक्यात ठेवलं आणि हात पदराला पुसले. नीलाक्षीला त्या निळी म्हणत.

"मागल्या साली पावसाळ्यात निळीच्या कुशीला गळू झालं. डागदरानं तेवढं भादरलं. रुपयाएवढं. उघडं पडलं, गार लागलं, तितं काळं केस आलं. सर म्हनलं, औषधाचा डाग. उन्हाळ्यात ते गळलं आन् पुन्ना गोरं आलं. म्या रोज तिचं अंग पुसते, मला दिसलं. मग बघाय लागले. तिचं कान गार, नाक गार, शेपूट गार, पाय गार. तितंच काळी. पोट ऊन, पाठ ऊन. तितं गोरी." त्यांनी खोक्याकडं बोट केलं. "आता ही पोटात वाढली. तितं समदंच ऊन. काळी हुतील कशी? थंडी खाल्ली का यील रंग."

हे मी सगळं जसंच्या तसं उतरवलं. नंतर जिल्ह्याच्या ग्रंथालयात एका जाड इंग्रजी पुस्तकात शोधलं. तिथं दीड पान होतं. बाईंनी सांगितलं त्याहून जास्त काही नव्हतं.

"सरांना सांगितलंत हे?"

"गुरवारीच. हसलं. म्हनलं, चांगुणा, आता तू शिकवणार का मला."

मी वही मिटली. "मी उद्याच लिहिते."

"नगं. आता लिवलं तर म्या म्हनते म्हून लिवलं हुईल. सरांच्या तोंडाम्होरं माजं तोंड कोन बघतंय. रंग यिऊ द्या. मंग लिवा."

"किती दिवस लागतील?"

"चुलीपाशी हायेत. उशीर हुईल."

मी विचारलं. मीच विचारलं, म्हणून लिहिते आहे. "थोडी लांब ठेवली तर? लवकर येईल ना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, पाहुणा चुकून चपला घालून आत आला की बघतात तसं.

"बारकी हायेत, ताई. गारठ्यानं मरतील. माज्यापायी कशाला?"

गुरुवारी, तीस तारखेला, मी पुन्हा गेले. दोन्ही पिल्लांच्या कानांच्या कडेला पेन्सिलनं ओढल्यासारखी करडी रेघ होती. डोळे उघडले होते आणि निळे होते. दोन जानेवारीला नाकावर राखेचं बोट. पाचला शेपटांची टोकं. मी प्रत्येक वेळी तारीख घातली. एका पिल्लाचे डोळे किंचित तिरळे होते आणि शेपटीच्या टोकाला गाठ होती, आईला होती तशी. या जातीत ती असतेच, हे मला ग्रंथालयातल्या पुस्तकानं सांगितलं. बाईंनी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं.

मधल्या दिवसांत मी चौकीत जाऊन सरांचा जबाब शब्दशः उतरवून घेतला.

"कशाला उकरताय, शेंडेबाई?" सणस म्हणाले. "मिटलंय."

"कुणाचं मिटलंय?"

"सरांची मांजर सरांना मिळाली. आणखी काय?"

रविवार, ९ जानेवारी, दुपारी चार वाजता आम्ही दोघी बंगल्यावर गेलो. टोपली बाईंच्या कमरेवर, पदराखाली. पिल्लं चोवीस दिवसांची होती आणि त्यांची जात सांगायला आता कुणाची गरज नव्हती.

सर व्हरांड्यात लिहीत बसले होते. फाटक वाजलं तशी आतून नीलाक्षी ओरडली. पिल्लांनी टोपलीतून बारीक उत्तर दिलं, आणि मग आतला आवाज थांबेना.

बाईंनी टोपली पायरीवर ठेवून पदर काढला.

सरांनी चष्मा लावला, पुढं वाकले, एक पिल्लू उचललं. कान उलटून पाहिला, पंजा पाहिला. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद होता. खराखुरा, वर्गात भिंग हातात घेतलं की यायचा तो.

"विलक्षण," ते म्हणाले. "म्हणजे तापमान. बघ वासंती, गर्भाशयात शरीर सगळीकडे सारखंच उष्ण. रंगद्रव्य तयारच होत नाही. जन्मल्यावर जे भाग थंड पडतात..."

"सर," मी म्हणाले, "हे यांनी तुम्हाला सोळा डिसेंबरला सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"हेच. कुशीवर भादरलेल्या जागेवरून."

"हो, काहीतरी म्हणत होती खरी." त्यांनी पिल्लू उलटं केलं. "नर. उत्तम. आणखी दोन होती ना?"

"मेली," चांगुणाबाई म्हणाल्या.

"अरेरे. हयगय झाली."

मी तीन आठवडे आवाज न चढवता काम करत होते. तो तेव्हाही चढला नाही.

"सर, तक्रार मागे घ्या. बाप पुण्याचाच होता. दार हिनं उघडं टाकलं नव्हतं."

"तक्रार दाराची नव्हती. मांजर चोरल्याची होती. ती हिच्या घरात सापडली, हे वस्तुस्थितीला धरून आहे. तुझ्या बातमीतही आहे."

"ती स्वतः गेली. मागच्या दाराची कडी पाडून."

"असं ही म्हणते."

"ते बघता येईल. चला मागे."

मी पुढं झाले आणि घरातून सरळ स्वयंपाकघरात गेले. त्या घरात मी पूर्वी अशी कधी चालले नव्हते. शिकवणीला यायचो तेव्हा व्हरांड्याच्या पुढं पाय टाकायची कुणाची छाती नव्हती. मागच्या दारापाशी नीलाक्षी होती. तिनं उडी मारली, पुढच्या पंजानं खालची कडी खट्कन पाडली आणि दार डोक्यानं ढकललं. दार उघडलं नाही. तिनं पुन्हा ढकललं आणि माझ्याकडं बघून ओरडली.

दाराला वरच्या चौकटीत, माझ्या हाताला जेमतेम पोचेल इतक्या उंच, दुसरी कडी होती. पितळेची, नवी कोरी. स्क्रूंवर अजून लाकडाचा भुसा होता.

सर माझ्या मागं येऊन उभे राहिले होते.

"ही कधी बसवली, सर?"

त्यांनी बोटानं स्क्रूवरचा भुसा पुसला.

"बाजारात सुतार एकच आहे. मी विचारू शकते."

"बावीस तारखेला," सर म्हणाले. "सकाळी."

"म्हणजे ती कडी पाडते हे तुम्हाला बावीसला कळलं होतं."

"एकवीसच्या रात्री. ती दोनदा निघाली. मीच पकडून आणली."

चांगुणाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी कडीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत. मी बोलत होते. मला हे आजही विसरता येत नाही की मी बोलत होते आणि त्या गप्प होत्या.

"अठरा दिवस झाले, सर. हिची दोन घरं गेली. चौकी इथून पाच मिनिटांवर आहे. का नाही गेलात?"

"जाणार होतो. बावीसलाच निघालो होतो." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. "तेवढ्यात पेपर आला. छापून आलं होतं, वासंती. माझ्या नावानं. आता जाऊन काय सांगू, की हेर्लेकरांना स्वतःच्या मांजरीची कडी माहीत नव्हती? तू तरी एकदा का विचारलं नाहीस?"

हे त्यांनी मला विचारलं. एवढा एकच प्रश्न त्यांनी त्या दिवशी बरोबर विचारला.

मी हात वर करून नवी कडी काढली. नीलाक्षी बाणासारखी सुटली, घराला वळसा घालून पायरीवर गेली, आणि टोपलीत शिरून पिल्लं चाटायला लागली. आटलेल्या आचळांना ती दोघं लुचत राहिली. ती ओरडायची थांबली होती. बंगला एकदम शांत झाला.

सर व्हरांड्यात बसले. मग म्हणाले, "पिल्लं आईजवळ राहू देत. चांगुणा, तूही उद्यापासून ये. झालं गेलं विसरून जा."

"कामाला न्हाई येनार," चांगुणाबाई म्हणाल्या. "पिल्लं ऱ्हाऊ द्यात. दूध न्हाई, पर आई तर हाय." त्यांनी टोपलीतला कापूस आणि ड्रॉपर काढून सरांच्या कागदांवर ठेवला. "कोमट द्या. पालथं धरून. आन् निळीला एकली ठेवू नगा दिसभर, झुरती ती. मानूस लागतंय तिला." मग म्हणाल्या, "मला कागुद पायजे. जसं पेपरात नाव आलं तसंच पेपरात यायला पायजे, का हिनं चोरी केली न्हाई. नावानं."

"संपादकांना मी स्वतः फोन करतो," सर म्हणाले. "आजच. आणि चौकीतही सांगतो."

बाई सरांकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"ताई, यील?"

"येईल," मी म्हणाले.

"नावानं?"

"नावानं."

त्यांनी टोपली तिथंच ठेवली आणि रिकाम्या हातानं फाटकाबाहेर पडल्या. पिल्लांकडे वळून बघितलं नाही. मी बघितलं, नीलाक्षी टोपलीच्या काठावर पुढचे पाय ठेवून त्यांच्या दिशेनं बघत होती.

मी त्याच संध्याकाळी खुलासा लिहिला. अठरा ओळी. सोळा डिसेंबर, एकवीस, बावीस. भादरलेली जागा, कडी, जबाबातलं वाक्य, आणि पहिल्या ओळीत नाव: चांगुणा रांजणे. शेवटी एक ओळ माझीही घातली, की मूळ वृत्त देताना संबंधित महिलेची बाजू विचारली गेली नव्हती. सोमवारी दीडच्या एसटीनं पाकीट गेलं.

रविवारी, सोळा जानेवारीला, अंक आला. तालुक्याच्या पानाच्या तळाशी, एका लॉटरीच्या जाहिरातीच्या वर, होतं:

"खुलासा. दि. २२ डिसेंबरच्या अंकातील मांजरासंबंधीच्या वृत्ताबाबत संबंधितांमधील गैरसमज दूर झाला असून प्रकरण सामोपचाराने मिटले आहे."

मी पोस्टातून संपादकांना फोन लावला.

"नाव कुठं आहे?"

"अहो, बाईचं नाव पुन्हा छापून तिचीच चर्चा करायची का? आपण तिच्या भल्याचा विचार केला. सरांचंही तेच मत पडलं."

"पहिल्यांदा छापताना भल्याचा विचार झाला नव्हता."

"पहिल्यांदा तुम्ही पाठवलं होतंत," ते म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं.

त्याच अंकात पान सहावर सरांचं सदर होतं, अर्धं पान. 'सयामी मांजर: रंगाचे रहस्य आणि निगा'. उत्तम लेख. पिल्लं पांढरी का जन्मतात, थंड अवयव काळे का पडतात, मांजर एकटी ठेवू नये, ती कड्या उघडते म्हणून दाराला वरून कडी असावी, अनाथ पिल्लाला दूध पाजताना पालथं धरावं. मधे एक वाक्य होतं: "१९९२ च्या पावसाळ्यात आमच्या नीलाक्षीच्या कुशीवरील केस कापले असता तेथे गडद केस उगवल्याचे माझ्या लक्षात आले."

माझ्या लक्षात आले.

मी अंक घेऊन बाजाराखाली गेले. चांगुणाबाई चुलीपुढं बसल्या होत्या, चुन्या मांडीवर. मी खुलासा वाचून दाखवला. वाचायला फार वेळ लागला नाही.

"माजं नाव आलं का ह्यात?"

"नाही."

"मंग ह्ये कुनाचं हाय?"

लेख मी वाचून दाखवला नाही. घडी करून पिशवीत ठेवला, आणि तो तिथं आहे हे त्यांना दिसत होतं.

फेब्रुवारीत त्या कराडच्या बाजूला लेकीकडं गेल्या. चुन्याला पोत्यात घालून नेलं, असं बेकरीवाल्या वहिनी म्हणाल्या. एकोणीसशे शहाण्णवमध्ये मी पत्ता शोधत गेले, तर लेकीचं घर हललं होतं. सर दोन हजार चारमध्ये गेले. त्यांच्या लेखांचं पुस्तक निघालं. त्यात तो लेख आहे. शाळा तो अजून वाचायला लावते.

गेल्या जूनमध्ये आमच्या दैनिकानं जुने सगळे अंक संगणकावर घातले. कुणीही घरबसल्या नाव टाकून शोधू शकतं. मी 'हेर्लेकर' टाकलं, चारशे बारा निकाल आले. 'सयामी' टाकलं, दोन आले: तो लेख आणि माझी चौकट. खुलाशात 'सयामी' हा शब्दही नव्हता.

मग 'चांगुणा रांजणे' टाकलं.

मी दैनिकाला तीन पत्रं लिहिली. त्या चौकटीखाली अठरा ओळी जोडा, मूळ प्रत माझ्याकडे आहे, सोबत पाठवते आहे. पहिल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. तिसऱ्याला आलं: आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे.

काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी पुन्हा ते नाव टाकून पाहिलं. निकाल एकच. दि. २२ डिसेंबर १९९३, पान चार.